लिब्रे ऑफिस: मराठी याद्या सांभाळणाऱ्यांसाठी एक सविस्तर परीक्षण

शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत दुकानाची खातेदारांची यादी, गडहिंग्लजच्या एखाद्या पतसंस्थेची सभासद यादी, साखर कारखान्याच्या वार्षिक सभेआधी लागणारी मतदार यादी, शाळेचं जनरल रजिस्टर. कोल्हापूर जिल्ह्यात संगणकावर जे मराठी काम चालतं त्यातलं बरंचसं असं याद्यांचं असतं. पत्र एकदा टाइप झालं, छापलं, की संपलं. यादीचं तसं नाही. ती वर्षानुवर्षं चालते, एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाते, पेनड्राइव्हवरून प्रेसमध्ये जाते, ऑडिटरकडे जाते, आणि या प्रत्येक मुक्कामी मराठी अक्षरं फुटण्याचा धोका असतो. लिब्रे ऑफिस हा फुकट मिळणारा ऑफिस संच या कामाला कितपत उतरतो, तेवढंच इथे पाहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो. मराठी याद्या सांभाळणाऱ्याच्या संगणकावर लिब्रे ऑफिस असायलाच हवं, दुसरं ऑफिस आधीपासून असलं तरी. कारण त्यातलं कॅल्क हे एक्सेलसारखं तक्त्यांचं साधन साधी मजकूर फाइल उघडताना थांबतं आणि विचारतं: या फाइलीचा अक्षरसंच (अक्षरं आकड्यांत साठवण्याची पद्धत) कोणता? रकाने कशाने वेगळे केले आहेत? कुठल्या रकान्यात तारीख, कुठल्यात नुसता मजकूर? तुम्ही उत्तर देईपर्यंत खाली नमुनाही दाखवत राहतं. मराठीच्या कामात हा प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम सोन्याच्या मोलाचा आहे, कारण न विचारता अंदाज बांधणारा प्रोग्रॅम चुकला तर ती चूक फाइल सेव्ह केल्यावर कायमची होते.

लिब्रे ऑफिस २०१० साली ओपन ऑफिसमधून वेगळं निघालं. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हीवर चालतं. २०२४ मधल्या २४.२ पासून आवृत्तीचा आकडाच वर्ष आणि महिना सांगतो. मराठीच्या दृष्टीने २०१७ ची ५.३ ही आवृत्ती महत्त्वाची, कारण तेव्हापासून अक्षरांची जुळणी सगळ्या यंत्रणांवर हार्फबझ या एकाच इंजिनाकडे आली. त्यामुळे विंडोजवर केलेली फाइल लिनक्सवर उघडली, फॉन्ट तोच असला, तर जोडाक्षरं तशीच दिसतात. कुठल्या जुन्या संगणकावर ५.३ च्या आधीची आवृत्ती पडून असेल तर पहिल्यांदा ती काढा.

मेनूची भाषा वेगळी, कागदाची भाषा वेगळी

विंडोजवर इन्स्टॉल करताना 'टिपिकल' निवडलं तर मराठी मेनू येईलच असं नाही. 'कस्टम' निवडा, 'यूजर इंटरफेस लँग्वेजेस' ही ओळ उघडा आणि त्यातली मराठी चालू करा. आधीच इन्स्टॉल झालं असेल तर तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवून 'मॉडिफाय' करता येतं. उबंटूवर मराठीचं भाषा-पॅकेज वेगळं घ्यावं लागतं.

त्यानंतर आल्ट आणि एफ१२ एकत्र दाबा. मेनू कुठल्याही भाषेत असला, अगदी वाचता न येणाऱ्या भाषेत गेला, तरी या दोन कळांनी सेटिंगची खिडकी उघडते. तिथे 'लँग्वेजेस अँड लोकेल्स' आणि त्यातलं 'जनरल'. इथे तीन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र ठेवल्या आहेत, आणि या संचातली आम्हाला सर्वांत आवडलेली मांडणी हीच: मेनू कोणत्या भाषेत दिसावा, तारीख-चलन-आकडे कोणत्या प्रदेशाच्या पद्धतीने लिहावेत, आणि कागदातला मजकूर कोणत्या भाषेचा समजावा. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

मेनू मराठी ठेवावा की इंग्रजी? नव्याने संगणक शिकणाऱ्याला मराठी मेनू खरोखर उपयोगी पडतो. पण सगळं भाषांतर झालेलं नाही, काही खिडक्या इंग्रजीतच उघडतात, आणि फोनवरून मदत करणारा माणूस 'टूल्समध्ये जा' असंच सांगतो. चार जण एका संगणकावर बसत असतील तर मेनू इंग्रजी ठेवणं सोयीचं. बदल केल्यावर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा लागतो.

प्रदेश मात्र मराठी किंवा इंग्रजी (भारत) हाच हवा. त्याने स्वल्पविराम लाखाच्या पद्धतीने, १,००,००० असे पडतात, चलन रुपया येतं आणि ५/३ म्हणजे ५ मार्च समजलं जातं. प्रदेश अमेरिकेचा राहिला तर तेच ३ मे होतं आणि कर्जाच्या हप्त्यांच्या तारखा बिनबोभाट बदलतात. शंका असेल तर त्याच पानावर 'डेट ॲक्सेप्टन्स पॅटर्न्स' नावाची चौकट आहे. तिथे दिवसाचा डी आधी आणि महिन्याचा एम नंतर आहे का, ते पाहून घ्या.

तिसरी गोष्ट कागदाची भाषा. देवनागरी लिपी इथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या गटात मोडते. त्यापुढची खूण चालू करा आणि भाषा मराठी निवडा. बरेच जण लिपी एकच म्हणून हिंदी ठेवतात, आणि मग ल आणि श हिंदी वळणाचे का येतात ते कळत नाही. ज्या फॉन्टात मराठी वळणाची वेगळी सोय केलेली असते, तो फॉन्ट मजकुराला मराठी अशी भाषेची चिठ्ठी लागलेली असेल तरच ती अक्षरं बाहेर काढतो. आधीच टाइप झालेल्या मजकुराला ही चिठ्ठी नंतरही लावता येते. सगळा मजकूर निवडायचा आणि 'कॅरेक्टर'च्या खिडकीत भाषा बदलायची.

याच भागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'च्या पानावर एक सापळा आहे. 'न्यूमरल्स'च्या यादीत 'हिंदी' असा पर्याय दिसतो आणि देवनागरी अंकांच्या आशेने माणूस तो निवडतो. त्याने येतात ते अरबी लिपीतले अंक. तिथे 'ॲरेबिक' ठेवा. म्हणजे जे अंक टाइप कराल तेच दिसतील, देवनागरी टाइप केलेत तर देवनागरी. कॅल्कमध्ये मात्र बेरीज-वजाबाकी होणारे रकाने इंग्रजी अंकांतच भरावेत. छपाईला देवनागरी अंक हवे असतील तर ते शेवटच्या प्रतीत बदलावेत, मूळ यादीत नाही.

दिसण्याच्या बाकीच्या आवडी 'व्ह्यू'मधल्या 'यूजर इंटरफेस'मध्ये आहेत. एक्सेलची सवय असलेल्याला 'टॅब्ड' बरा वाटेल, जुन्या माणसाला 'स्टँडर्ड टूलबार'. यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही.

दोन फॉन्टांची अडचण

हा या संचाचा सर्वांत त्रासदायक भाग. प्रत्येक परिच्छेदाला दोन फॉन्ट असतात, एक रोमन अक्षरांसाठी आणि एक देवनागरीसाठी, आणि दोघांचा आकारही वेगळा. शैलीच्या खिडकीत एका ठिकाणी १४ केलं आणि दुसरीकडे १२ राहिलं, तर मराठी ओळीत मध्येच आलेले इंग्रजी अंक किंवा 'बी.ए.'ची रोमन अक्षरं वेगळ्या उंचीची दिसतात. नव्या माणसाला वाटतं प्रोग्रॅम बिघडला.

उपाय सोपा आहे, पण तो मजकूर टाइप करण्याआधी करायचा. मूळ परिच्छेद शैलीत दोन्ही जागी एकच फॉन्ट द्या, ज्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही अक्षरं एकाच हाताची आहेत. एक टाइपचा मुक्ता हा फुकट फॉन्ट यासाठी चांगला आहे. विंडोजच्या निर्मला यूआयमध्येही दोन्ही लिप्या आहेत. मंगल वापरून केलेल्या जुन्या फाइली विंडोज १० किंवा ११ वर उघडताना पानं इकडची तिकडे झाली तर दोष फाइलीचा नाही. तिथे मंगल आपोआप येत नाही, देवनागरीचे जादा फॉन्ट विंडोजच्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून टाकावे लागतात. ते नसले की दुसरा फॉन्ट घेतला जातो आणि ओळी सरकतात.

फुटलेली अक्षरं ओळखायची कशी

दुरुस्तीला हात घालण्याआधी बिघाड कुठला आहे ते पाहावं, कारण सगळ्या बिघाडांना 'फॉन्ट उडाला' असं म्हणण्याची पद्धत पडली आहे आणि त्यातले बहुतेक फॉन्टचे नसतात.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही. फॉन्ट टाका, काम झालं. सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मजकूर गेलेला आहे. कुणीतरी ती फाइल मराठी अक्षरांना जागाच नसलेल्या जुन्या संचात सेव्ह केली आहे आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं आहे. ते परत मिळत नाही, मूळ प्रत शोधावी लागते.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि पूर्ण बरा होतो. ओळभर डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला लहान इंग्रजी ए दिसतो, त्याच्या मागे एक गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि पुन्हा तोच ए. याचा अर्थ फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, आहे आणि ती विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपच्या संचात वाचली जात आहे. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक खुणेला क्रमांक देणारं मानक. त्यात देवनागरीचा पट्टा ०९०० पासून ०९७एफ पर्यंत आहे आणि यूटीएफ-८ मध्ये यातली प्रत्येक खूण ३ बाइटांत लिहिली जाते. पहिला बाइट कायम तोच, म्हणून प्रत्येक खुणेमागे तोच ए दिसतो. पट्ट्याच्या पहिल्या अर्ध्या भागात दुसरा बाइट ते गोल चिन्ह होतो, आणि दीर्घ वेलांटीपासून पुढच्या खुणांना येन. हे एकदा डोळ्यांत बसलं की फाइल उघडताक्षणी निदान होतं.

चौथा प्रकार: इंग्रजी अक्षरंच दिसतात, पण अर्थ लागत नाही. 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी पाच रोमन अक्षरं असतील तर तो कृतिदेव या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर आहे. त्याचं पुढे पाहू.

सीएसव्ही उघडण्याची रीत

बँकेच्या किंवा सरकारी पोर्टलवरून उतरवलेल्या सीएसव्ही फाइलीवर (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर फाइलीवर) डबल क्लिक करू नका. विंडोजवर ती बहुधा एक्सेलमध्ये उघडते, आणि फाइलीच्या सुरुवातीला बीओएम नावाची ३ बाइटांची खूण नसेल तर एक्सेल तिला जुन्या संचात वाचतं. आधी कॅल्क उघडा, तिथून फाइल उघडा. 'टेक्स्ट इम्पोर्ट'ची खिडकी येईल.

सर्वांत वर 'कॅरेक्टर सेट'. पहिल्यांदा यूनिकोड (यूटीएफ-८) निवडा आणि खालचा नमुना वाचा. नावं नीट दिसली तर पुढे चला. नाही दिसली तर यूनिकोड (यूटीएफ-१६) करून पाहा, कारण एक्सेलमधून 'यूनिकोड टेक्स्ट' म्हणून काढलेली फाइल तशी असते आणि तिचे रकाने स्वल्पविरामाऐवजी टॅबने वेगळे केलेले असतात. ही खिडकी मागच्या वेळचं उत्तर लक्षात ठेवते, त्यामुळे काल दुसऱ्याने बसून काय निवडलं ते आज तुमच्यासमोर येऊ शकतं. दर वेळी वाचूनच 'ओके' करा.

मग नमुन्यातल्या रकान्यांची डोकी. खाते क्रमांकाच्या रकान्यावर क्लिक करून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा. नाहीतर ०००४५ चे ४५ होतात आणि १५ अंकांपेक्षा लांब क्रमांकांचे शेवटचे अंक बदलू शकतात. गट नंबरच्या रकान्यालाही हेच. १२/३ हा गट आणि हिस्सा आहे, १२ मार्च नव्हे. ऊस नोंदणीच्या याद्यांत ही चूक फार होते आणि एकदा तारीख झाली की मूळ लिखाण परत येत नाही. तारखेच्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष, म्हणजे डीएमवाय, हा प्रकार द्या. 'डिटेक्ट स्पेशल नंबर्स' बंद ठेवा.

या खिडकीबद्दल एकच तक्रार आहे. ती घाईत असलेल्या माणसाला अडवते, आणि घाईत असलेला माणूस न वाचता एंटर मारतो. वाचणाऱ्यालाच तिचा फायदा.

फाइल आधीच कुणीतरी चुकीच्या संचात उघडून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली असेल तर ती दुहेरी गुंडाळली जाते. मग यूटीएफ-८ निवडूनही तो तिरक्या रेघेचा ए जात नाही. कॅल्कमध्ये हेही सोडवता येतं. ती फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडा, 'सेव्ह ॲज'मध्ये सीएसव्ही निवडा, 'एडिट फिल्टर सेटिंग्ज'ची खूण करा आणि अक्षरसंच वेस्टर्न युरोप (विंडोज-१२५२) देऊन नव्या नावाने सेव्ह करा. आता ती नवी फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडा. बहुतेक मराठी परत येतं.

बहुतेक म्हणायचं कारण आहे. विंडोज-१२५२ या संचात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत, आणि दुर्दैवाने आपली महत्त्वाची अक्षरं नेमकी तिथे पडतात: पाय मोडण्याचं चिन्ह, ऱ्हस्व उकार, चंद्रबिंदू, ए, ऐ आणि झ. वाटेतल्या एखाद्या प्रोग्रॅमने या रिकाम्या जागा गाळल्या असतील तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि उकार गायब होतात. म्हणून दुरुस्तीनंतर 'कोल्हापूर', 'कुंभार', 'एकनाथ', 'झुंजार' यांसारखी नावं आधी तपासा. ती नीट असतील तर बाकीची यादीही नीट आहे.

बाहेर पाठवताना

मूळ यादी कायम ओडीएस या कॅल्कच्या स्वतःच्या प्रकारात ठेवा. एक्सेलवाल्याला द्यायची असेल तर एक्सएलएसएक्स करून द्या, त्यात अक्षरसंचाचा प्रश्नच येत नाही. सीएसव्ही फक्त एखादा प्रोग्रॅम किंवा पोर्टल मागत असेल तेव्हाच काढा. काढताना 'एडिट फिल्टर सेटिंग्ज' चालू, संच यूटीएफ-८ आणि 'कोट ऑल टेक्स्ट सेल्स' चालू. पत्त्यात स्वल्पविराम असतातच, अवतरण नसेल तर एका सभासदाचा पत्ता तीन रकान्यांत सांडतो.

पुढचा माणूस ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडणार असेल तर त्याला सांगा: 'डेटा'मधल्या 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'ने उघडा आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१ यूनिकोड (यूटीएफ-८) निवडा. आणि तिकडून परत पाठवताना नुसतं 'सीएसव्ही' नको, 'सीएसव्ही यूटीएफ-८' हवं. पहिल्या प्रकारात सेव्ह झालेल्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात, ती वर सांगितल्याप्रमाणे बरी होत नाहीत.

जुन्या पतसंस्थांत अजून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या काळातल्या डीबीएफ फाइली सापडतात. कॅल्क त्या थेट उघडतं आणि तिथेही अक्षरसंच विचारतं, हे फार थोडे प्रोग्रॅम करतात. उघडून ओडीएसमध्ये आणा आणि डीबीएफला परत जाऊ नका. त्या प्रकारात रकान्याची रुंदी बाइटांत मोजतात. ३० रुंदीच्या नावाच्या रकान्यात यूटीएफ-८ च्या फक्त १० खुणा मावतात. 'कोल्हापूर' एवढ्या शब्दालाच काना, मात्रा, पाय मोडण्याचं चिन्ह धरून ९ खुणा म्हणजे २७ बाइट लागतात. आडनाव, नाव, वडिलांचं नाव लिहिलं तर यादी अर्ध्यातच कापली जाईल आणि कुठलीही सूचना येणार नाही.

जे लिब्रे ऑफिसला जमत नाही

श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचे फॉन्ट यांत टाइप केलेला मजकूर कुठलाही अक्षरसंच निवडून युनिकोड होत नाही. त्या फाइलीत देवनागरी अक्षरं नसतातच. रोमन अक्षरांचे क्रमांक असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी आकृत्या काढतो. खात्री करायची असेल तर तो मजकूर निवडून त्याला जुना फॉन्ट लावून पाहा. वाचता आला तर हे तेच. यासाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो, आणि नेमका त्याच फॉन्टचा. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमधून काढला तर निघेल ते कचरा असेल.

कन्व्हर्टरनंतर संपूर्ण यादी वाचायला माणूस बसवा. ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षराच्या कुठल्या बाजूला गेली, रफार पुढच्या अक्षरावर बसला का, आणि अर्धा र नीट आला का, या तीन ठिकाणी चुका साचतात. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकातला मजकूर असेल तर काम तुलनेने सोपं, कारण तिथे निदान अक्षरांना अक्षर म्हणून क्रमांक आहेत.

विंडोजच्या 'रीजन'मध्ये, 'सिस्टीम लोकेल' बदलण्याच्या खिडकीत 'यूज यूनिकोड यूटीएफ-८' अशी चाचणी म्हणून दिलेली एक खूण आहे. ती चालू करून हे प्रश्न सुटतात असं सांगितलं जातं. ज्या संगणकावर जुना टायपिंगचा प्रोग्रॅम किंवा जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतं, तिथे तिला हात लावू नका. त्या प्रोग्रॅमांना जुनाच संच अपेक्षित असतो.

एकच नाव, दोन लिखाणं

युनिकोडमध्ये सगळं आणल्यावरही यादीत 'कऱ्हाड' शोधलं तर निम्मेच सभासद सापडतात, असं होऊ शकतं. यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि पाय मोडण्याचं चिन्ह. दुसरा, साधा र, पाय मोडण्याचं चिन्ह आणि त्यामागे २००डी क्रमांकाची न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. 'ॲड.' या वकिलांच्या उपाधीचंही तेच: कुणी ०९७२ हे एकसंध अक्षर वापरतं, कुणी अ वर चंद्र देतं. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे त्याआधीच्या फाइलींत ते सापडणारच नाही.

रायटरमध्ये, म्हणजे या संचातल्या पत्रं-अहवाल लिहिण्याच्या भागात, अक्षरामागे कर्सर ठेवून आल्ट-एक्स दाबलं की त्याच्या जागी क्रमांक दिसतात, पुन्हा दाबलं की अक्षर परत. संशय असलेल्या नावावर हे करून पाहा. सगळी यादी एकसारखी करायला 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स' चालू करा. शोधायच्या चौकटीत तिन्ही खुणा क्रमांकाने लिहा: उलटी तिरकी रेघ, लहान यू आणि चार अंकी क्रमांक, ०९३०, ०९४डी, २००डी अशा ओळीने. बदलायच्या चौकटीत ऱ आणि पाय मोडण्याचं चिन्ह थेट टाइप करा. एकदा यादीच्या प्रतीवर चालवून पाहा, मग मूळ यादीवर.

वर्णक्रम लावताना 'डेटा', 'सॉर्ट', त्यातल्या पर्यायांत भाषा मराठी द्या. नुसत्या क्रमांकाच्या क्रमाने लावलं तर ळ हा ल च्या लगेच मागे पडतो, कारण युनिकोडमध्ये ०९३२ ला ल आणि ०९३३ ला ळ आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. यादी लावून झाली की ज्ञानदेव, ज्ञानेश्वर ही नावं शेवटाला गेली का ते पाहा.

सीमेवरच्या याद्या

कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांचं मिळून आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे जिल्हे त्यात येतात. कारागिरांची यादी करायची तर एका फाइलीत मराठी आणि कन्नड दोन्ही नावं येणारच. निपाणी, चिकोडीकडे माल देणाऱ्या व्यापाऱ्यांच्याही वह्या अशाच.

इथे युनिकोडचा फायदा पूर्ण दिसतो. कन्नडचा पट्टा वेगळा आहे, ०सी८० ते ०सीएफएफ, त्यामुळे एकाच चौकोनात दोन्ही लिप्या सुखाने राहतात. फॉन्ट निर्मला यूआय ठेवला तर दोन्ही त्यातच मिळतात. मुक्तासारखा फॉन्ट ठेवला तर कन्नडसाठी प्रोग्रॅम दुसरा फॉन्ट शोधतो आणि ओळींची उंची कमीजास्त होते. क्रम मात्र दोन लिप्यांचा एकत्र लागत नाही, एक लिपी संपून दुसरी सुरू होते. म्हणून प्रत्येक नावाचं देवनागरी लिखाण वेगळ्या रकान्यात ठेवून त्यावर क्रम लावावा.

मराठी शुद्धलेखन तपासायचं एक्स्टेन्शन वेगळं टाकता येतं. अहवालाला उपयोगी आहे, नावांच्या यादीत बंद ठेवा. प्रत्येक आडनावाखाली लाल रेघ आली की खरी चूक नजरेतून सुटते.

यादी प्रेसमध्ये देताना आधी विचारा की अहवाल कशात लावणार. पेजमेकर हा पानं लावण्याचा जुना प्रोग्रॅम असेल तर युनिकोड मजकूर तिथे चिकटणार नाही, कारण २००१ ची ७.० ही त्याची शेवटची आवृत्तीही युनिकोड जाणत नाही. मग प्रेसवाले तुमची यादी त्यांच्या फॉन्टात उलट कन्व्हर्ट करतील आणि प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागेल. यादीची पानं रायटरमध्येच लावून, ठरलेल्या कागदाच्या मापात पीडीएफ करून दिली तर फॉन्ट त्यातच बांधले जातात आणि प्रेसला फक्त छापायचं उरतं. सोबत ओडीएसची एक प्रत द्या आणि पहिल्या प्रूफमध्ये कऱ्हाड, ॲड., ज्ञानदेव आणि गट नंबरचा रकाना आधी पाहा.